बोर्ड धरणारा

रिकामं हिंडायला आपल्याकडे धैर्य लागतं. दोन धडधाकट पोरं नदीकाठी तासन्‌तास नुसती बसलेली दिसली, की येणारा-जाणारा आधी त्यांच्याकडे बघतो, मग आसपास बाटली आहे का ते बघतो आणि शेवटी "कोणाचे बे तुम्ही?" म्हणून चौकशी सुरू करतो. पण त्यातल्या एकाच्या मांडीवर ड्रॉइंग बोर्ड असला, तर तोच माणूस गाडी स्टँडला लावतो, आवाज खाली आणतो आणि शेजारी येऊन बसतो. म्हणजे मग त्याचीही संध्याकाळ गेली.

हे ज्ञान मला माझ्या एका मित्राने दिलं. तो नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकतो. त्याला आम्ही ‘आर्टिस्ट’ म्हणतो. आधी ते टोमण्यादाखल होतं, मग सवय झाली आणि आता त्याची आईसुद्धा सकाळी "आर्टिस्ट उठला का?" असंच विचारते. मी कामठीचा, पोरवाल कॉलेजात बी.कॉम. करणारा. मला ताळेबंद जुळवावा लागतो, त्याला दिसेल ते काढावं लागतं. दोन्ही कामं अवघडच, पण ताळेबंद जुळवणाऱ्याच्या मागे उभं राहून "हे काय काढलं?" असं कोणी विचारत नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला.

"उद्या कामठीला येऊन राहिलो. आरामात फिरू."

"काऊन बे, काही काम?"

"काम कायचं? सोमवारी स्केचिंगचं सबमिशन आहे."

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला या दोन वाक्यांत काहीही विसंगत वाटत नाही. त्याची सुट्टी आणि त्याचा अभ्यास बाहेरून अगदी सारखे दिसतात, कित्येकदा आतूनही.

आठला येतो म्हणालेला आर्टिस्ट साडेदहाला पोचला. नागपूर ते कामठी अंतर १६ किलोमीटर. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो. एवढ्यात अडीच तास कुठे घालवता येतात, असं मी विचारलं, तर गड्डीगोदामला उतरलो होतो म्हणाला. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो, असा चार मजली प्रकार आहे. नागपूरकर तो पाहुण्यांना तोऱ्यात दाखवतात.

"पर्स्पेक्टिव्ह पाहत होतो."

"काढलं का मग?"

"नाही ना. व्हॅनिशिंग पॉइंट सापडेना. रेल्वे गेली, मेट्रो गेली, तो काही सापडला नाही."

त्याच्याकडे हाफ इम्पीरियल आकाराचा बोर्ड होता, त्याला चिमटे लावून कार्ट्रिज पेपर. रेक्झिनच्या पिशवीत कॅम्लिनच्या ट्यूबा, बारा नंबरचा ब्रश, सिक्स-बी पेन्सिली, पाण्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा आणि खाली अंथरायला पेपर. इझल घरी राहिलं होतं. "तू आहेस ना," असं तो म्हणाला, ते मी मैत्रीचं बोलणं समजलो. त्याचा खरा अर्थ संध्याकाळी कळला.

गाडी मी चालवत होतो, मागे तो बोर्ड आडवा धरून बसला होता. मोटर स्टँड चौकात वळताना वारा बोर्डात शिरला आणि माझी अ‍ॅक्टिव्हा मी न ठरवलेल्या दिशेला, म्हणजे पोह्याच्या ठेल्याकडे गेली. वाऱ्याने त्या दिवशी केलेली ही एकच मदत.

तर्री-पोहे आता साऱ्या महाराष्ट्राला ऐकून माहीत आहेत. पण ठेलेवाल्याचा हात जवळून बघितल्याशिवाय ते कळत नाहीत. पातेल्यात खाली हरभऱ्याचा रस्सा, वर बोटभर लाल तवंग. समोरचा माणूस म्हातारा असला की तो पळीच्या पाठीने तवंग अलगद बाजूला सारतो आणि खालचा रस्सा घेतो. कॉलेजचा पोरगा असला की पळी तिरपी करून नुसता वरचा थर उचलतो आणि पोह्यांवर सोडतो. विचारत नाही, तोंड बघून ठरवतो. मला वरचं मिळालं. आर्टिस्टकडे जरा वेळ बघून त्याला मधलं दिलं.

आर्टिस्ट खायचं सोडून प्लेटमध्ये बघत बसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "लाल नाही हा रंग. खाली बर्न्ट सिएना आहे, वरून क्रिमसन मारलाय."

ठेलेवाल्याची पळी थांबली. "ओ भाऊ, रंगबिंग नाही टाकत आपण. तिखट आहे ते. घरी कांडलेलं."

"भाऊ, तो तारीफ करून राहिला," मी मध्ये पडलो.

"मंग सिध्या मराठीत कर म्हणा ना!"

सिध्या मराठीत तारीफ होईपर्यंत आर्टिस्टचे पोहे गार झाले. गार पोह्यांवर तर्री गोठते आणि रंग बदलतो, असा नवा शोध लावून त्याने दुसरी प्लेट मागवली. पैसे मी दिले. कलेला राजाश्रय असायचा म्हणतात, तो हाच असावा.

तिथून आम्ही बाजारात शिरलो. फुटाणा ओळी, दाल ओळी, लाला ओळी... आमच्याकडे गल्ल्यांची नावंच वाणसामानाच्या यादीतून सुरू होतात. आर्टिस्टला हलत्या माणसांची झटपट चित्रं हवी होती. नियम असा, की माणूस चालत असताना, वाकत असताना, ओझं उचलत असताना मिनिटभरात रेषा पकडायची. नियम चांगला आहे, पण तो करणाऱ्याने कामठीचा बाजार पाहिलेला नाही. इथे पेन्सिल बाहेर निघाली की हलणारी माणसं हलायची थांबतात. समोरच्या भाजीवाल्याने वांगी तोलायची सोडून केस सारखे केले. गिऱ्हाईक खोळंबलं, तर त्यालाच म्हणाला, "थांब ना दोन मिनिट, फोटो काढून राहिले." गिऱ्हाईकही मग शेजारी येऊन उभं राहिलं.

"काका, तुम्ही तुमचं काम करा ना. नॅचरल राहा," आर्टिस्ट काकुळतीला आला.

काकांनी ‘नॅचरल’ ऐकून छाती पुढे काढली आणि डावा हात तराजूच्या खांबावर ठेवला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव कार्यालयाच्या खांबाला टेकून असतो, तसे. आर्टिस्टने तेच काढलं. चित्र दाखवल्यावर काका म्हणाले, "मिशी बरोबर आली." गिऱ्हाईकाची मिशी नीट आली नव्हती, म्हणून ते वांगी न घेताच गेलं.

कामठीला विणकर आहेत तसे बिडी कामगारही. एकेकाळी घरोघरी बिड्या वळल्या जायच्या. आता वळणारे हात कमी झालेत, पण आहेत. ओळखीच्या एका मावशींच्या ओसरीवर आम्ही जाऊन बसलो. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कैचीने कापलेलं. त्यातलं एक पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन बोटांत वळायचं, टोक आत दाबायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि बिडी बाजूला टाकायची. बोलता बोलता, सुनेला हाका मारता मारता, बोटांकडे एकदाही न बघता.

आर्टिस्ट पहिल्यांदाच गप्प झाला. तो हात काढायला लागला.

"हात कायले काढतं रे बापा?" मावशी म्हणाल्या. "तोंड काढ ना."

"मावशी, तोंड सगळेच काढतात."

"सगळ्यायले तोंड असते म्हणून काढते. तुले का हाताची कंपनी काढाची हाय?"

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या बाजूला बाबू हरदासांचा. हे याच गावचे. १९०४ साली इथे जन्मले आणि १९३९च्या जानेवारीत, वयाची ३५ वर्षं नुकतीच पूर्ण झालेली असताना गेले. तेवढ्या आयुष्यात वयाच्या सतराव्या वर्षी ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक काढलं, बिडी कामगारांनी ठेकेदारांच्या हाताखाली भरडलं जाऊ नये म्हणून त्यांची सहकारी संस्था उभी केली, १९३७ची निवडणूक जिंकून विधिमंडळात गेले आणि ‘जय भीम’ हे अभिवादन लोकांच्या तोंडी रुळवलं. हे मावशींनी आम्हाला बिड्या वळता वळता सांगितलं आणि मग विचारलं, "तुमचं वय काय म्हटलं?" आम्ही दोघांनीही विषय बदलला.

थोड्या वेळाने त्यांनी कागद मागून घेतला. हात लांब धरून बघितला, मग स्वतःचा अंगठा चित्राशेजारी ठेवला.

"अंगठा थोटा झाला. अन तुया एका हातात माये चार बंडल झाले."

अंगठा खरंच थोटा झाला होता. कॉलेजात सरांनी असं काही दाखवलं की आर्टिस्ट ‘डिस्टॉर्शन’ या विषयावर बराच वेळ वाद घालतो. इथे त्याने मुकाट्याने खोडरबर काढलं.

दुपार व्हायच्या आत छावणीतून एक चक्कर मारू, असं ठरलं. इंग्रजांनी १८२१ साली इथे पलटणी आणून ठेवल्या आणि त्यांच्यामागे हे गाव वाढत गेलं. बाजारातल्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावी लागते. छावणीत मात्र रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडं आणि चुन्याने रंगवलेले बुंधे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी अकादमीही इथेच. इथे झाडांची पानंसुद्धा शिस्तीत पडतात.

आर्टिस्ट एका वडाच्या प्रेमात पडला. झाड रस्त्याकडेला होतं, पण शेजारी फोटो काढायला मनाई असल्याची पाटी होती.

"फोटो मना आहे. चित्राचं काही नाही लिहिलं," तो म्हणाला.

बी.कॉम.ला कायदा हा विषय असल्यामुळे हा युक्तिवाद कुठपर्यंत टिकेल याची मला कल्पना होती. बुंधा कागदावर येतो न येतो, तोच एक जवान चालत आला.

"क्या कर रहे हो?"

"सर, पेड़ बना रहे हैं."

जवानाने झाडाकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा झाडाकडे.

"पेड़ तो बना हुआ है."

निसर्गचित्रणाविरुद्ध इतका आटोपशीर मुद्दा मी तरी आजवर ऐकलेला नाही. आर्टिस्ट निरुत्तर झाला. जवान भला माणूस होता, त्याने रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवून पर्यायही दिला, "उधर जाके बनाओ. उधर भी पेड़ है." पण उधरचं झाड कडुनिंबाचं निघालं. बुंधा वडाचा आणि वर पानं कडुनिंबाची असं एक चित्र त्या दिवसाच्या खात्यावर जमा आहे.

जेवायला घरी आलो. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की आई सांबारवडी करते, आणि पाहुणा नागपूरचा असला की जास्त करते, कारण नागपूरला पोरांचे हाल होतात अशी तिची ठाम समजूत आहे. पहिली वडी वाढून तिने विचारलं, "बेटा, हे शिकून पुढं काय करतात?"

हा प्रश्न त्याला इतक्या घरांत विचारला गेलाय, की त्याचं उत्तर पाठ आहे. "काकू, सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मग मुंबईला जेजे, मग पॅरिस. २०२३मध्ये त्यांचं ‘जेस्टेशन’ नावाचं चित्र लिलावात गेलं. ५१ कोटी ७५ लाखांना."

बाबांचा घास हातात राहिला. ते विमा कंपनीत आहेत, आकडा आला की त्यांना पुढचं ऐकायचं असतं.

"मिळाले का त्यांना ते?"

"ते २०१६मध्ये गेले, काका."

"म्हणजे हा विमाच झाला की," बाबांनी घास तोंडात घातला. "हप्ते ह्यानं भरले, क्लेम दुसऱ्यानं घेतला."

आईने मात्र ५१ कोटींच्या भरवशावर त्याला आणखी वड्या वाढल्या.

आर्टिस्टने मग गायतोंड्यांना पुढे केलं. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले. ते वर्षाला मोजकीच चित्रं काढायचे, बाकी वेळ विचार करायचे. आपणही त्याच वाटेवर आहोत, असं आर्टिस्टचं म्हणणं. मोजकी चित्रं काढण्याची अट त्याने पहिल्या वर्षापासून काटेकोर पाळलेली आहे. जेवणानंतर तो म्हणाला, डोळ्यांना थोडी विश्रांती द्यावी लागते. उरलेल्या शरीरानेही ती घेतली. चार वाजता त्याला हलवून उठवलं.

मग ड्रॅगन पॅलेस. जपानच्या ओगावा सोसायटीच्या नोरिको ओगावा यांनी दिलेल्या देणगीतून आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकारातून १९९९ साली हे बुद्धविहार उभं राहिलं. आत चंदनाच्या लाकडाची बुद्धमूर्ती आहे. रविवार असल्यामुळे नागपूरकडची, भंडाऱ्याकडची कुटुंबं आली होती. बाहेर हिरवळीवर सेल्फी, डबे, रडारड, हाकाहाक. आत पाऊल टाकलं की तीच मंडळी गप्प. आपल्याकडच्या चार पिढ्यांच्या अख्ख्या कुटुंबाला एकदम गप्प बसवणं किती अवघड आहे, हे ज्याने लग्नात माइक धरलाय त्याला विचारा. आर्टिस्ट आत गेला तेव्हा पेन्सिल कानामागेच होती. तिला हात न लावता तो बराच वेळ बसून राहिला, आणि बाहेर आल्यावर त्याविषयी काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

बाहेर हिरवळीवर बसून त्याने जलरंग काढले. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, त्या जागी कागद कोरा ठेवायचा, असं जुन्या वळणाचे शिक्षक बजावतात. आर्टिस्टने वर आकाश मारलं, खाली हिरवळ मारली आणि मधली शुभ्र इमारत नियमाप्रमाणे सोडून दिली. एक लहानगी मागे येऊन उभी राहिली.

"दादा, तुम्ही मधे काहीच नाही काढलं."

"ते पांढरं आहे ना, म्हणून सोडलं."

"मीपण पेपरात सोडते," ती म्हणाली. "मॅडम मार्क नाही देत."

तिच्या आईने तिला ओढून नेलं. आर्टिस्टने निमूटपणे दोन-चार खिडक्या काढल्या.

ऊन उतरता उतरता आम्ही कन्हानच्या काठावर आलो. बाबू हरदासांचं स्मारक याच नदीकाठी आहे आणि दरवर्षी १२ जानेवारीच्या सुमारास तिथे मेळा भरतो. तो नुकताच होऊन गेला होता. समोर इंग्रजी अमदानीतला जुना दगडी पूल, एकामागे एक कमानी, आणि त्यांच्या पोटात तिरपं ऊन. आर्टिस्ट एकदम बदलला. दिवसभर रेंगाळणारा माणूस आता घाई करायला लागला, कारण असा उजेड थांबत नाही.

"धर," म्हणाला आणि बोर्ड माझ्या हातात दिला. इझल घरी का राहिलं, ते मला तेव्हा समजलं.

इझलचं काम बाहेरून सोपं दिसतं. दोन्ही हातांनी बोर्ड छातीशी धरायचा, वॉश द्यायच्या वेळी तिरपा करायचा, ओघळ खाली आला की सरळ करायचा आणि चित्रकाराने डोळे बारीक केले की श्वास रोखायचा. चित्राची फक्त मागची बाजू दिसते. मला दिवसभरातलं सर्वोत्तम चित्र पुठ्ठ्याच्या बाजूने पाहायला मिळालं. डास आले, नाकाला खाज सुटली. लाकडी इझलला नाक नसतं, हा त्याचा मोठाच गुण आहे.

श्रीखंडाच्या डब्यात त्याने नदीचं पाणी आणलं होतं. नागपूर ज्या नदीचं पाणी पितं, तिच्याच पाण्यात त्याने आकाश कालवलं. पाण्यातली बारीक वाळू रंगाबरोबर कागदावर बसली. मी तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर तो म्हणाला, "टेक्श्चर आहे बे ते. विकत मिळत नाही."

एव्हाना मागे माणसं जमली होती. त्यातले एक आजोबा, डोक्याला मफलर, सायकलीला टेकून उभे होते. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला.

"एक कमान कमी हाय."

"आजोबा, ते कंपोझिशनसाठी सोडलं."

"त्या कंपोझिशनवून ट्रक जाते का?"

झालं. गर्दीत दोन तट पडले. एक म्हणे, चित्र आहे, चालतं. दुसरा म्हणे, पूल आहे, चालत नाही. मग कोणीतरी म्हणालं, आधी खऱ्या कमानी किती ते तर मोजा. मोजायला लागल्यावर असं निघालं, की जन्मभर त्या पुलावरून ये-जा केलेल्या माणसांपैकी दोघांचाही आकडा जुळत नाही. कोणी काठाजवळच्या झाडीत झाकलेली कमान धरत होतं, कोणी नव्हतं. आजोबांनी स्वतः दोनदा मोजलं आणि दोन उत्तरं आली. ते चिडून पुन्हा मोजायला लागले. मला चित्रही दिसत नव्हतं आणि पूलही माझ्या पाठीमागे होता, म्हणून सगळ्यांनी एकमुखाने मलाच पंच ठरवलं. तेवढ्यात अंधार पडला आणि निकाल राखून ठेवण्यात आला.

सबमिशनला काय गेलं, त्याचा ताळेबंद मी वाणिज्य शाखेच्या शिस्तीने मांडून ठेवला आहे. जमेला मावशींचा हात, अंगठ्याच्या दुरुस्तीसह, खांबावर हात ठेवलेले भाजीवाले काका, वड-कडुनिंबाचं जोडझाड, चार खिडक्यांचं शुभ्र विहार आणि एक वादग्रस्त पूल. खर्चाला दोन प्लेट पोहे जास्तीचे, पेट्रोल, सांबारवड्या आणि माझे दोन्ही खांदे. नफा झाला की तोटा हे अजून जुळलेलं नाही. पण माझं स्वतःचं मत विचाराल, तर रविवार घालवायचा याहून चांगला मार्ग कामठीत नाही, आणि नागपुरातही नसावा.

तेव्हा तुमच्या गावात एखादं पोरगं बोर्ड घेऊन बसलेलं दिसलं, तर एवढं करा. त्याच्या उजेडात उभे राहू नका. "याचे किती मिळतात?" हे विचारू नका, ते त्याच्या घरचे रोज विचारतात. कमानी मोजायच्या असतील तर खुशाल मोजा, पण मनातल्या मनात. आणि त्याच्याकडे इझल नसेल तर बोर्ड धरा. फक्त धरण्याआधी नाक खाजवून घ्या.